मोकळी वाळू

४ फेब्रुवारी

चि. पेन्सिलरावास ताईचे अनेक आशीर्वाद.

पोचले. लाँचमध्ये दोनदा पोट ढवळलं, पण सगळं आतच राहिलं. हे आधी सांगते, कारण तुम्हा नवरा-बायकोंची, तुझी आणि धाकटीची, नक्की पैज लागली असणार. इथे फोन एकच, मॅनेजरच्या टेबलावर. आपण बोलायला लागलो की तो कागद चाळायचं सोंग करून ऐकत बसतो. टपाल मात्र आठवड्यातून दोनदा लाँचने जातं, म्हणून पत्र.

तुझ्या ऑफिसने या हॉटेलचे नकाशे काढले, त्याबद्दल तुला पंधरा दिवसांचा मुक्काम मिळाला आणि तो तू मला दिलास. एकतीस वर्षं ताडपत्र्या आणि तंबू शिवून घरी बसलेल्या बहिणीला एवढी मोठी भेट कुणी देत नाही. खोली झकास आहे. पलंगावर चौघी झोपतील. पडद्याची शिवण एका जागी उसवली होती, ती मी पहिल्याच दुपारी घालून टाकली. खिडकीतून समुद्र असा दिसतो की दात घासायलाही मी खिडकीशीच उभी राहते.

आता रागाचं. तू दिलेल्या माहितीपत्रकात लिहिलंय की दोन पावलांवर मच्छीमारांचं जुनं गाव आहे. मी हौसेने गेले. तिथे काय, तर वाळूत एक होडी, नवाकोरा निळा रंग दिलेली, भोवती दोरी. शेजारी स्टुलावर इस्त्रीचा शर्ट घातलेला एक माणूस जाळं विणत बसलेला. लोक त्याचे फोटो काढत होते. मी जवळ गेले, कारण गाठ दिसली की माझी नजर तिकडे जातेच. अरे, ते जाळं कुठेही फाटलेलं नव्हतं! तो बिचारा एकच गाठ सोडत होता आणि तीच पुन्हा मारत होता. मी विचारलं, तर इकडे-तिकडे बघत म्हणाला की सकाळी दहा ते संध्याकाळी पाच हेच काम आहे, आणि त्याचं खरं जाळं घरी फाटून पडलंय, त्याला हात लावायला वेळ होत नाही.

मग खरं गाव कुठाय, असं विचारलं, तर त्याने मान वळवून कुंपणाकडे पाहिलं. माणसाच्या दीडपट उंचीचं कुंपण आहे. पलीकडून कोंबडा आरवतो, भांडी वाजतात, कुणीतरी कुणावर ओरडतं. दिसत काही नाही.

पेन्सिल्या, हे तू काढलंस? मला माहीत नव्हतं तू नाटकाचे पडदे रंगवतोस.

धाकटीला आणि लेकीला पापा. लोभ तर आहेच, तो रागावून कमी होत नाही, हे लक्षात ठेव.

ताई

९ फेब्रुवारी

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. पैज लावली होती, हरलो.

ताई, तू सुट्टीवर गेली आहेस, तपासणीवर नाही. तुझा स्वभाव मला माहीत आहे. कारखान्यातही तू साहेबाच्या टेबलापर्यंत जाऊन भांडायचीस. पण तिथल्या मॅनेजरशी वाकड्यात जाऊ नकोस. तो आमच्या साहेबांच्या रोजच्या बोलण्यातला आहे.

तुझ्या शंकांचं उत्तर देतो. गावातल्या एकाही घराला आम्ही हात लावलेला नाही. नकाशात घरं होती तिथेच आहेत. पुढची जागा मोजणीच्या कागदावर कोरी होती, म्हणून ती आमच्या नकाशात 'मोकळी वाळू' अशी आली. मोकळ्या जागेला कुंपण घातलं तर कुणाचं काय गेलं? उलट गावातल्या पंधरा-वीस जणांना हॉटेलात काम लागलं. स्टुलावरचा माणूससुद्धा सावलीत बसून काम करतो, हे तू लिहायला विसरलीस.

गुडघ्याला तेल लाव, पाण्यात जा, वाचायला नेलेलं पुस्तक संपव. लेक विचारते, आत्याला पोहता यायला लागलं का.

राग धरू नये, माया राखावी.

तुझा
पेन्सिल्या

१३ फेब्रुवारी

चि. पेन्सिलरावास आशीर्वाद, पण आज हात आखडून.

तुझं पत्र काल मिळालं. ते हातात घेऊनच आज हे लिहिते, म्हणजे एकही ओळ सुटायला नको.

घरांना हात लावला नाही, म्हणतोस. खरं आहे. मी जाऊन आले. पूर्वी वाळूवरून दोन मिनिटांची वाट होती, आता कुंपणाला वळसा घालून मागच्या रस्त्याने पाऊण तास चालावं लागतं. घरं जागच्या जागी आहेत. फक्त त्यांचं अंगण कापून नेलंय. अरे, मासे घरात धरतात का?

नीट ऐक. या किनाऱ्यासमोर पाण्याखाली खडकांची लांबच लांब रांग आहे. तिच्यात होडी जाईल अशी फट एकच, आणि ती बरोबर हॉटेलच्या वाळूसमोर. पिढ्यान्‌पिढ्या होड्या त्या फटीतून आत यायच्या आणि सरळ वाळूवर चढायच्या. आता त्या फटीवर लाल गोळ्यांचा दोर बांधलाय, पाहुण्यांना पोहता यावं म्हणून. त्यामुळे होड्या उत्तरेला काळ्या दगडांत उतरवतात. तिथे लाट होडी उचलते आणि दगडावर आपटते. दोघं-तिघं कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून हातांनी होडी थोपवतात. रोज.

परवा सकाळी मी तिथेच होते. गावात एक चष्मेवाली आहे, माझ्याच वयाची, तिच्याबरोबर जाळ्याला टाके घालत बसले होते. होड्या बांधणारा गावचा सुतार पाण्यात उभा होता. लाट आली आणि त्याचा उजवा हात होडी आणि दगड यांच्यात सापडला. तो ओरडलाही नाही. हात वर करून त्याच्याकडे बघतच राहिला. मी माझी ओढणी फाडून हात घट्ट बांधला. एकतीस वर्षं मशिनवर बायकांची बोटं फाटलेली पाहिली आहेत, काय करायचं ते मला कळतं.

बेटावर दवाखाना नाही. मोठ्या गावाला जाणारी लाँच दुसऱ्या दिवशी. हॉटेलची लाँच मात्र धक्क्याला उभी. आम्ही चौघांनी त्याला तिथे आणलं. मॅनेजरने हात जोडून, अगदी गोड आवाजात सांगितलं की ही लाँच फक्त पाहुण्यांसाठी आहे, नियम आहे. माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, मी पाहुणी आहे, माझ्या छातीत दुखतंय, आत्ता न्या. आणि हा माझा भाऊ आहे, तो माझ्याबरोबर येणार. मॅनेजर म्हणाला, हा तर गावचा सुतार. मी म्हटलं, माझ्या छातीत आणखी दुखायला लागलंय, आणि मी मेले तर तुमच्याच स्वागतकक्षात मरेन, इथे या सोफ्यावर, सगळ्यांसमोर. नेलं.

दोन बोटं गेली. अंगठ्याजवळची दोन. रंदा धरायची.

परत आल्यावर मी मॅनेजरला विचारलं, कुंपण कुणाच्या डोक्यातून निघालं? तो मला अभिमानाने भिंतीकडे घेऊन गेला. काचेच्या चौकटीत नकाशा लावलाय. अक्षर मी दहा पावलांवरून ओळखलं. तुझ्या 'ळ'ची शेपटी कुणाला लपते? 'मोकळी वाळू'.

मोजणीचा कागद कोरा होता, हे मला सांगू नकोस. तू स्वतः इथे तीन दिवस येऊन राहिला होतास. नाक भाजून घेऊन परत आला होतास. तुला डोळे होते ना? मग होड्या दिसल्या नाहीत?

दोन मार्चला सरकारी अधिकारी येणार आहेत. हॉटेलला कुंपण उत्तरेकडेही वाढवायचंय, म्हणजे ते काळे दगडही जाणार. गावाची हरकत लिहून द्यायची आहे आणि त्यांनी ती मला लिहायला सांगितली आहे. मी लिहिणार.

उत्तराची वाट पाहते. गोड बोलणारं नको, खरं हवं.

ताई

१८ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न.

सुताराचं वाचून वाईट वाटलं. पण त्याच्या हाताचा दोष माझ्या माथी मारू नकोस. लाट मी पाठवली नव्हती.

मी आराखडे काढणारा माणूस आहे. साहेब सांगतात, मी काढतो. माझ्या सहीने काही बांधलं जात नाही आणि काही पाडलंही जात नाही. तुला वाटतं तसं कुणाला जाब विचारण्याइतका मी मोठा नाही. माझ्या टेबलावर बसायला दहा जण तयार आहेत. लेकीचं पुढचं शिक्षण आहे, घर आहे. तू एकटी आहेस, तुला भांडणं परवडतात.

वीस तारखेच्या लाँचचं तिकीट आहे, त्याने परत ये. हरकत लिहायचीच असेल तर लिही, पण खाली आपलं आडनाव घालू नकोस. ऑफिसात लगेच कळेल. एवढं तरी माझ्यासाठी कर.

तुझा धाकटा भाऊ

१९ फेब्रुवारी

ती. वन्संना धाकटीचा नमस्कार.

हे पत्र यांना न सांगता लिहिते आहे. कालचं पत्र तुम्हाला मिळालं असेल. त्याच्या आधीची दोन यांनी फाडली, ती मी कचऱ्यातून जोडून वाचली. ती बरी होती. पाठवायचं नेमकं वाईटच पाठवलं.

तुमचं तेराचं पत्र आलं त्या दिवशी हे जेवले नाहीत. माळ्यावरून नकाशांच्या जुन्या नळ्या काढल्या आणि एक पारदर्शक कागद टेबलावर पसरून बसले. मी चहा ठेवायला गेले तर कागदावर पालथा हात टाकला, लेक परीक्षेचे मार्क झाकते तसा. दुसऱ्या दिवशी ते ऑफिसला गेल्यावर कागद काढला आणि खिडकीच्या काचेला लावून पाहिला.

वन्सं, त्यात होड्या होत्या. वाळूवर ओळीने, एकेक नखाएवढी. शाई ब्लेडने खरवडून काढली आहे, त्यामुळे नुसत्या कागदावर दिसत नाहीत, पण उजेडात धरलं की खरवडल्याच्या खुणा चमकतात. मी मोजल्या. अकरा. एकीवर तर शीड वाळत घातलेलंही काढलं होतं.

संध्याकाळी मी सरळ विचारलं. आधी चिडले, मग सांगितलं. साहेब म्हणाले होते की नकाशा जरा स्वच्छ करा, होड्या काय, आज आहेत उद्या नाहीत. यांनी विचारलं नाही, ब्लेड घेतलं. पंधरा मिनिटांचं काम होतं, म्हणाले. त्या पंधरा मिनिटांत मनात काय होतं, असं विचारलं, तर म्हणाले, हात थरथरून कागद फाटू नये एवढंच.

मला यांचा राग आला आहे. पण थोडा तुमचाही आला आहे, आणि तो लिहून टाकते. तुमच्या पत्रांत जणू लाज एकट्या तुम्हालाच आहे. या घराचं भाडं, लेकीची फी, गेल्या वर्षीचं माझं आजारपण, सगळं त्याच टेबलावरून आलं. साहेबाला नाही म्हणणं सोपं असतं तर तुमच्या कारखान्यातल्या सगळ्याच बायका साहेबाच्या टेबलाशी गेल्या असत्या. एकट्या तुम्हीच का जायच्या?

तुम्ही काय करायचं ते मी सांगत नाही. मी लिहिलं हे मात्र यांना कळू देऊ नका.

गुडघा जपा. माझ्यावरची माया या पत्राने आटणार नाही अशी खात्री आहे, म्हणूनच लिहिलं.

तुमची
धाकटी

२४ फेब्रुवारी

चि. पेन्सिल्यास ताईचे आशीर्वाद.

वीसच्या लाँचने मी आले नाही, हे एव्हाना कळलं असेल. हॉटेलने माझा मुक्काम दोन दिवस आधीच आवरता घ्यायला लावला. खोलीत दुरुस्ती निघाली, म्हणे. पडद्याची शिवण तर मीच केली होती! तर आता मी चष्मेवालीच्या घरी आहे. एक खोली, एक खाट, दोन म्हाताऱ्या. ती घोरते आणि सकाळी म्हणते की मी घोरते.

हरकत लिहिली. तीनदा लिहिली, कारण पहिल्या दोन वेळा रागाने शाई सांडली. खाली माझं नाव आहे, आडनाव नाही. कारखान्यात मला ज्या नावाने हाक मारायचे ते घातलं. तू मागितलंस म्हणून केलं, पटलं म्हणून नाही.

तू लिहिलंस की मी एकटी आहे, मला भांडणं परवडतात. ते वाक्य मी बऱ्याच वेळा वाचलं. आधी संताप आला. मग वाटलं, यात थोडं खरं आहे. माझ्या पाठीमागे कुणाचं ताट नव्हतं. भांडून घरी आले की मी होते आणि माझी मशीन होती. हे मी कधी मोजलं नाही आणि तुला मात्र तोलत बसले. तेवढ्यापुरती मी चुकले.

पण बाकीच्यात नाही. साहेबाने सांगितलं आणि तू काढलंस, हे तू मला तुझ्या बाजूने सांगतोस. मला ते ऐकून जास्त राग येतो. तू सात वर्षांचा असताना शेजाऱ्यांच्या गाईचं चित्र काढलं होतंस. तिला एक शिंग नव्हतं, म्हणून तू एकच काढलंस. मास्तरांनी दुसरं काढायला लावलं, तर तू पाटी घेऊन घरी निघून आलास. तो मुलगा कुठे गेला, असं मी विचारणार नाही. तुझं तुला ठाऊक.

सुतार हात गळ्यात बांधून दारात बसतो. त्याची मुलगी तिशीची आहे, त्याच्याच हाताखाली काम शिकली. तिने अर्धी बांधलेली होडी कामाच्या छपरात तशीच पडली आहे. मीच बोलते, त्याच्या वाटचंही.

दोन तारखेनंतर परत येईन. तुझ्यावरचा जीव आहे तिथेच आहे.

ताई

३ मार्च

चि. सौ. धाकटीस वन्संचे अनेक उत्तम आशीर्वाद.

चोर! डबा भरून दिलास, मफलर दिलास, आणि मला एक ओळ कळवली नाहीस.

सगळं सांगते. सुनावणी हॉटेलच्या जेवणघरात होती. अधिकारी साधे गृहस्थ, पंख्याखाली बसून घाम पुसत होते. हॉटेलच्या वकिलाने भिंतीवरचा नकाशा चौकटीसकट आणून टेबलावर ठेवला. म्हणाला, बघा, इथे होड्या कधीच नव्हत्या, हॉटेल झाल्यावर भरपाईच्या आशेने या लोकांनी आणून ठेवल्या. धाकटे, तिथे एकेकाच्या मुठी अशा वळल्या की मला भीती वाटली. चष्मेवाली उभी राहून ओरडली की तिचा नवरा त्या वाळूवरून समुद्रात गेला तेव्हा हा वकील शाळेतही जात नसेल. तो स्टुलावरचा माणूस हॉटेलच्या शर्टातच उठला आणि म्हणाला की त्याची होडी डावीकडून तिसरी असायची. मॅनेजरने त्याच्याकडे असं पाहिलं की मी मध्ये जाऊन उभी राहिले. अधिकारी सगळ्यांना शांत बसवत होते आणि पुन्हा-पुन्हा म्हणत होते की तोंडी सांगू नका, कागद दाखवा.

तेवढ्यात दुपारच्या लाँचने तुझा नवरा आला. तोंड हिरवं पडलेलं, केस उभे, काखेत नळी. माझ्याकडे पाहिलंही नाही. त्याचे साहेब पहिल्या रांगेत बसले होते, ते अर्धवट उठले. याने सरळ जाऊन अधिकाऱ्यांना आपलं नाव सांगितलं, आडनावासकट, आणि म्हणाला की चौकटीतला नकाशा माझा आहे आणि तो खोटा आहे. मग कागद उलगडून खिडकीच्या काचेला लावला.

बाहेर ऊन कडक होतं. सगळ्या होड्या दिसल्या. अधिकारी उठून जवळ गेले, प्रत्येकीवर बोट ठेवून मोजल्या, नखाने खरवड तपासली. साहेब म्हणाले की या माणसाचं ऑफिसात पटत नाही, म्हणून हा सूड उगवतोय. आपला पेन्सिल्या कधी आवाज चढवत नाही, तुला माहीत आहे. कालही चढवला नाही. म्हणाला, हे मी डोळ्यांनी बघून काढलं, आणि मीच खरवडलं. सांगितलं होतं साहेबांनी, पण ब्लेड माझ्या हातात होतं, माझा हात कुणी धरला नव्हता. तारीख कागदाच्या कोपऱ्यात आहे, हॉटेलची पहिली वीट बसण्याआधीची.

पाण्यातला दोर काल संध्याकाळीच काढायला लावला. उत्तरेचं वाढीव कुंपण थांबलं. आहे ते कुंपण नव्या मोजणीपर्यंत राहील. म्हणजे अर्धाच न्याय, आणि तोसुद्धा घाम पुसत दिलेला. मी ते तोंडावर बोलले. अधिकारी म्हणाले की बाई, अर्धा मिळायलाही कागद लागतो.

नंतर पेन्सिल्या सुताराकडे गेला. मी लांब राहिले. सुताराने त्याला बस म्हटलं नाही. बराच वेळ कागद पाहिला आणि एवढंच म्हणाला की बारा होत्या, एक छपरात दुरुस्तीला होती. आणि आत निघून गेला. पेन्सिल्या तिथेच उभा राहिला. मग माझ्याकडे आला आणि लहानपणी पडल्यावर विचारायचा तसं विचारलं, ताई, काही खायला आहे का. तुझा डबा लाँचमध्ये मासळीच्या टोपलीवर सांडला होता, ग.

तुझ्या त्या पत्रातलं लाजेबद्दलचं वाक्य मला बोचलं होतं. अजून बोचतंय, आणि बरोबर बोचतंय. आम्ही परवाच्या लाँचने निघतो. नोकरीचं काय, ते आल्यावर तिघं बसून पाहू. माझी मशीन अजून चालते, हेही हिशेबात धर.

तुझी
वन्सं

२१ एप्रिल

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

धाकटीने कळवलं असेलच, मी पुन्हा इथे आलो आहे. टेबल गेल्यापासून तीन ऑफिसांत जाऊन आलो. तिघांनीही खुर्ची दिली, चहा दिला आणि माझं आडनाव ऐकून काम नाही म्हणाले. तिसऱ्याने तर दारापर्यंत येऊन पाठ थोपटली आणि म्हणाला की तुमच्यासारखी माणसं हवीत. हवीत, पण त्याच्या ऑफिसात नकोत! ताई, मला आयुष्यात एवढा राग आला नव्हता. तुला रोज येतो, तू जगतेस कशी?

इथे यायचं कारण सुतार. त्याने पोस्टकार्ड पाठवलं होतं, मुलीच्या अक्षरात, एका ओळीचं. कागद आणि पेन्सिल घेऊन या. वर माफीचा शब्द नाही, खाली लोभाचा नाही.

आल्यावर कळलं. त्याने आजवर एकही होडी कागदावर काढलेली नाही. मापं सगळी हातात होती. वीत, बोटं, अंगठा. आता त्या हातात ती मापं उरली नाहीत, आणि मुलीला जे अजून शिकवायचं राहिलंय ते कसं सांगायचं हे त्याला कळत नाही. म्हणून तो डोळे मिटून सांगतो आणि मी काढतो. मुलगी बघते, आणि पटलं नाही तर दोघांवरही ओरडते.

सकाळपासून त्याने मला चार वेळा खोडायला लावलं. होडीचं पोट असं काढलंस तर ती पहिल्या लाटेला कुशीवर झोपेल, म्हणाला. मी म्हटलं, रेषा बरोबर आहे. त्यावर त्याने मला कपड्यांसकट पाण्यात उतरवलं, होडीत बसवलं आणि डाव्या हाताने गदागदा हलवलं. पुरता भिजलो. मग कळलं, पोट कुठे असतं ते. पाचव्यांदा काढलं. त्याने कागद मुलीकडे दिला. तिने तो छपरात नेला, अर्ध्या होडीशेजारी खिळ्याला टांगला आणि फळी मापायला घेतली.

सुतार माझ्याशी अजून धड बोलत नाही. पण जेवताना ताट माझ्याकडे सरकवतो. नवी मोजणी पुढच्या महिन्यात आहे, तोवर राहीन म्हणतो. मोजणीवाले आले की त्यांच्याबरोबर वाळूवर मी चालणार आहे, आणि हा गृहस्थ माझ्यामागून. मला माहीत आहे, तो पावलागणिक सांगेल की चुकलास.

धाकटीची आणि लेकीची काळजी घे. मी खोडून-खोडून का होईना, बरा होतो आहे. माझ्यावर रागवायचा तुझा हक्क आहे तसाच राहू दे, आणि त्याच्यासोबत जीवही.

तुझा
पेन्सिल्या